कूपे आणि चार महिन्यांचं मीठ

ऑक्टोबर सरत आला की मिशिगन, ओहायो, न्यू यॉर्क राज्याचा उत्तर भाग आणि सीमेपलीकडचं, कॅनडातलं ऑन्टारिओ इथल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन उलटे प्रवाह वाहू लागतात. ज्यांच्याकडे जिवापाड जपलेली स्पोर्ट्स कार आहे, ते तिला धुऊन-पुसून, टाकी भरून, बॅटरीला चार्जर लावून गॅरेजात झाकून ठेवतात आणि चार-पाच महिने रेटायला एखादी स्वस्त गाडी शोधतात. अशा गाडीला तिकडे ‘विंटर बीटर’ म्हणतात. दुसरीकडे, ज्यांना गॅरेज नाही ते आपली देखणी, दोन दारांची कूपे विकायला काढतात. मे महिन्यात जिच्यासाठी तीन-तीन गिऱ्हाइकं आली असती, ती नोव्हेंबरात घासाघीस करून हाती लागते. मग या दोन प्रवाहांच्या मध्ये उभा असलेला माणूस विचारतो: ही कूपेच हिवाळ्यासाठी घेतली तर?

हा प्रश्न मराठी घरांतही येतो. डेट्रॉइटच्या आसपास वाहन उद्योगात मराठी इंजिनीअर कित्येक वर्षांपासून आहेत. बफेलो, सिरॅक्यूज, ॲन आर्बर, वॉटर्लू इथल्या विद्यापीठांत पुण्या-मुंबईची, नागपूर-नाशिकची मुलं दर वर्षी दाखल होतात. रात्री उशिरा बस मिळत नाही, खोलीपासून दुकान लांब, हाताशी चार-पाच हजार डॉलर. तेवढ्याच पैशांत एक पोक्त चार दारांची सेदान मिळते आणि तेवढ्यातच गिअरवर खेळायला लावणारी, बसकी, तरतरीत कूपे. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाचं मन कुठे ओढ घेणार, हे उघड आहे.

ती ओढ चुकीची नाही. बर्फाच्या प्रदेशात कूपे चालते, वर्षानुवर्षं चालत आली आहे. पण सौद्याचा क्रम बदलावा लागतो. एरवी माणूस रंग, इंजिनाची ताकद, सीट, मग टायर असं पाहत जातो आणि गाडीच्या खाली बहुधा डोकावतच नाही. हिवाळी गाडीच्या बाबतीत सुरुवात खालूनच करायची असते. पहिला गाडीचा तळ, दुसरे टायर, तिसरं म्हणजे इंजिन कोणती चाकं फिरवतं, चौथी जमिनीपासूनची उंची. रूप आणि ताकद यांचा नंबर त्यानंतर.

मीठ काय करतं

अमेरिकेत रस्त्यांवर दर वर्षी पडणारं मीठ दोन कोटी टनांच्या घरात जातं. खुद्द डेट्रॉइट शहराच्या खाली अकराशे फुटांहून खोल मिठाची खाण आहे. ऑन्टारिओतल्या गॉडरिच गावाजवळ, ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली, जगातली सर्वांत मोठी भूमिगत मीठखाण चालते. या पट्ट्यातली नगरपालिका असो की महामार्ग विभाग, मिठाचे डोंगर उन्हाळ्यातच रचून ठेवतात.

मीठ मिसळलं की पाण्याचा गोठणबिंदू खाली उतरतो, म्हणून रस्त्यावरचा बर्फ वितळतो. साधारण उणे ९ अंशांपर्यंत साधं मीठ चांगलं काम करतं. त्याखाली ते मंदावतं आणि कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइडची मदत घ्यावी लागते. ही दोन्ही रसायनं हवेतला ओलावा ओढून घेतात. रस्ता कोरडा दिसू लागला तरी गाडीच्या तळाशी बसलेला त्यांचा थर ओलाच राहतो, आणि ओला क्षार म्हणजे लोखंड गंजायला हवी असलेली सगळी सामग्री एका जागी.

मुंबईत समुद्राला लागून किंवा कोकणात किनाऱ्यावर गाडी ठेवणाऱ्यांना हा शत्रू ओळखीचा आहे. क्लोराइड तोच, फक्त तिथे तो वाऱ्यावर येतो. बर्फाच्या मुलखात गाडीची स्वतःचीच चाकं तो खारा चिखल ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने पत्र्याच्या सांध्यांत, ब्रेकच्या पाइपांवर, सस्पेन्शनच्या बोल्टांवर मारत राहतात. चार महिने, रोज.

यात एक गोष्ट नवख्याला उलटी वाटते. मिठाने माखलेली गाडी ऊबदार गॅरेजात ठेवणं तिच्या हिताचं नसतं. थंडीत गंजण्याची रासायनिक क्रिया जवळपास थांबलेली असते. ऊब मिळाली की बर्फ वितळतो, खारं पाणी सांध्यांत झिरपतं आणि क्रिया जोर धरते. त्यामुळे ‘ही गाडी कायम गॅरेजात असायची’ हे विक्रेत्याचं वाक्य ऐकून लगेच खूश होऊ नये. ती मीठ लागल्यावर गॅरेजात जायची की हिवाळाभर गॅरेजातच असायची, हे विचारावं.

कंपन्यांनीही यावर उपाय केले आहेत. पोर्शेने १९७६ च्या मॉडेलपासून ९११ च्या सांगाड्यासाठी जस्ताचा लेप दिलेला पत्रा वापरायला सुरुवात केली. ऑडीने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तो मार्ग धरला, आणि आज असा पत्रा सर्रास वापरला जातो. पण लेप असतो तो बॉडीच्या पत्र्याला. इंजिन आणि सस्पेन्शन ज्यावर बसतात ती जाड सबफ्रेम, ब्रेकचे बारीक पाइप, पेट्रोल भरायची नळी यांच्या नशिबी अनेकदा फक्त रंग असतो. गंज तिथूनच शिरतो.

लिफ्टवरची वीस मिनिटं

म्हणून सौद्याची खरी जागा विक्रेत्याच्या अंगणात नसते, ती मेकॅनिकच्या लिफ्टवर असते. शंभर ते दोनशे डॉलरमध्ये कोणताही तटस्थ मेकॅनिक गाडी वर घेऊन तपासून देतो. विक्रेता याला नकार देत असेल तर उत्तर तिथेच मिळालं, असं समजून पुढच्या गाडीकडे जावं.

गाडी डोक्यावर गेली की मेकॅनिक एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात बोथट स्क्रूड्रायव्हर घेतो. सर्वांत आधी तो दोन्ही बाजूंना, दारांच्या खाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पेटी तपासतो. तिकडे तिला रॉकर पॅनल म्हणतात. गाडीचा पाठीचा कणा तीच. स्पोर्टी कूपेत नेमकी ही जागा प्लास्टिकच्या साइड स्कर्टने झाकलेली असते. बाहेरून सगळं चकचकीत, आणि स्कर्टच्या आत साचलेला खारा चिखल पत्रा खात बसलेला. दोन क्लिप सोडवून आत टॉर्च मारल्याशिवाय काहीच कळत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, किंवा टोक आत गेलं, तर पत्रा संपलेला आहे.

सगळा गंज सारखा नसतो. जाड भागांवर नारिंगी-तपकिरी पूड दिसणं या पट्ट्यातल्या दहा वर्षांच्या गाडीत नेहमीचं आहे. तारेच्या ब्रशने ती निघते आणि खालचं लोखंड शाबूत असतं. पण पापुद्रे सुटत असतील, बोट लावल्यावर खपल्या पडत असतील, तर गाडी सोडून द्यावी. जॅक लावायच्या खाचा, मागच्या चाकांच्या कमानीच्या आतल्या कडा, सबफ्रेमचे जोड, बॉनेटखाली शॉकॲब्सॉर्बर जिथे बॉडीला टेकतात ते घुमट, या जागा मेकॅनिक आपणहून दाखवत नसेल तर विचारून घ्याव्यात. डिकीत स्टेपनी काढून खालची खोलगट जागाही पाहावी. तिथला गालिचा ओला असेल तर पाणी कुठून तरी आत येतंय.

ब्रेकच्या पाइपांना वेगळा वेळ द्यावा. गंजलेल्या ब्रेक पाइपांच्या दीर्घ चौकशीनंतर अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने एप्रिल २०१५ मध्ये जाहीर सूचना काढली: मीठ पडणाऱ्या राज्यांत जुन्या गाड्यांचे ब्रेक पाइप नीट तपासून घ्या, आणि गाडीचा तळ नियमित धुवा. हे पाइप पेट्रोलच्या टाकीवरून, डोळ्यांआड जातात. एरवी हळूच दाबलेला ब्रेक त्यांना सोसतो. एखाद्या सकाळी समोर कुणी आडवं येतं, ब्रेक पूर्ण ताकदीने दाबला जातो आणि पाइप नेमका तेव्हा फुटतो.

आणखी एक खूण म्हणजे तळाला नुकताच दिलेला काळाकुट्ट, चमकदार लेप. दर शरद ऋतूत तेलाचा फवारा मारून घेण्याची पद्धत ऑन्टारिओत चांगली रुळलेली आहे आणि ती गाडीच्या हिताची आहे. पण ते तेल मेणचट, धुळीने माखलेलं दिसतं. विक्रीच्या आठवड्यात मारलेला डांबरी लेप वेगळा ओळखू येतो, आणि तो काय झाकण्यासाठी मारला हे शोधणं खरेदीदाराचं काम आहे. चाकाच्या कमानींवर लोहचुंबक फिरवावा. जिथे तो चिकटत नाही, तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली असते.

कागदपत्रंही वाचावीत. चेसिस नंबरावरून गाडीचा इतिहास काढता येतो. ती आठ वर्षं टेक्सासात होती की क्लीव्हलंडमध्ये, यावर तळाचं निम्मं भविष्य ठरतं. न्यू यॉर्क राज्यात दर वर्षी सुरक्षा तपासणी सक्तीची आहे, मिशिगनमध्ये अशी नियमित तपासणीच नाही. ऑन्टारिओत खाजगी व्यवहारात विक्रेत्याने सरकारी माहितीचा संच द्यावा लागतो, आणि गाडी नव्या नावावर रस्त्यावर आणायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. ते काढल्यापासून ३६ दिवस ग्राह्य असतं. पण तो किमान पात्रतेचा दाखला असतो. गाडी आणखी तीन हिवाळे काढेल का, हे त्यात लिहिलेलं नसतं.

टायर आधी, बाकी नंतर

तळ पास झाला की पुढचा प्रश्न टायरचा. स्पोर्टी कूपेबरोबर बहुधा रुंद, कमी उंचीचे उन्हाळी टायर येतात. कोरड्या रस्त्यावर ते वळणात गाडीला चिकटवून ठेवतात. पण साधारण ७ अंशांच्या खाली त्यांचं रबर कडक होऊ लागतं आणि पकड जाते. शून्याच्या खाली असे काही टायर वापरल्यास त्यांना तडे जाऊ शकतात, असा इशारा उत्पादकच देतात. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या ठोकळ्यांवरच्या शेकडो बारीक चिरा बर्फाला धरतात. फिनलंडच्या कारखान्यात १९३४ मध्ये पहिला हिवाळी टायर तयार झाला. आज ‘हक्कापेलिटा’ या नावाने ओळखली जाणारी मालिका त्याच घराण्यातली.

टायरच्या अंगावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह हवं. नुसतं ‘एम आणि एस’ लिहिलेलं पुरत नाही. क्वेबेक प्रांतात हिवाळी टायर २००८ पासून सक्तीचे आहेत आणि २०१९ पासून ही सक्ती १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. ऑन्टारिओत सक्ती नाही, पण हिवाळी टायर लावणाऱ्याला विम्यात सवलत देणं तिथल्या विमा कंपन्यांवर २०१६ पासून बंधनकारक आहे. जर्मनीत बर्फ-निसरड असताना असे टायर नसतील तर दंड होतो.

हे नियम का झाले, ते साध्या हिशेबातून दिसतं. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर पूर्ण ब्रेक लावून सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर घर्षण तिपटीहून कमी होतं आणि अंतर ४० मीटरच्या आसपास जातं. काचेसारख्या गोठलेल्या थरावर ते शंभर मीटरला भिडू शकतं. इंजिन दोन चाकं फिरवतं की चार, याचा या अंतरावर काहीही परिणाम होत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. थांबवतो तो टायर.

कूपेच्या खरेदीदाराला इथे एक युक्ती फायद्याची ठरते. मूळचे १८ इंची, रुंद टायर उन्हाळ्यासाठी ठेवून हिवाळ्यासाठी १६ इंची पोलादी रिमवर अरुंद टायर घ्यायचे. अरुंद टायर सैल बर्फ कापत खाली रस्त्यापर्यंत पोचतो. त्याची बाजूची भिंत उंच असल्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फ वितळून-गोठून रस्त्याला पडणाऱ्या खड्ड्यांत रिम वाकत नाही, आणि किंमतही कमी. फक्त लहान रिममध्ये त्या गाडीचे ब्रेक बसतात का, हे आधी पाहावं. मोठे ब्रेक असलेल्या मॉडेलांत ते बसत नाहीत. रिमसह चार टायरांना साधारण ६०० ते १००० डॉलर पडतात. विक्रेता जुने हिवाळी टायर ‘फुकट’ देत असेल तर त्यांच्या बाजूवरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. खाचांची खोली चार मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बर्फात कामाचा राहिलेला नसतो.

इंजिन कोणती चाकं फिरवतं

जुन्या बाजारातल्या स्पोर्टी कूपे तीन घराण्यांत मोडतात.

पहिलं घराणं पुढच्या चाकांनी ओढणाऱ्यांचं: टोयोटा सेलिका, ॲक्युरा इंटेग्रा आणि तिची वारस आरएसएक्स, ह्युंदाई टिब्युरॉन, सायन टीसी, होंडा सिव्हिकची दोन दारांची आवृत्ती. इंजिन आणि गिअरबॉक्सचा भार थेट ओढणाऱ्या चाकांवर असतो, म्हणून थांबलेली गाडी बर्फातून निघते. घसरली तरी बहुधा नाक सरळ जात राहतं. अशा वेळी पाय उचलला की ती ताळ्यावर येते, आणि नवशिक्याचं शरीर घाबरल्यावर तेच करतं. २००६ पासूनच्या सिव्हिक एसआयमध्ये पुढच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारा खास डिफरेन्शियलही आहे. चांगल्या हिवाळी टायरांवर ही गाडी कित्येक मोठ्या एसयूव्हींपेक्षा धडपणे जाते.

दुसरं घराणं मागच्या चाकांनी ढकलणाऱ्यांचं: फोर्ड मस्टँग, इन्फिनिटी जी३५ कूपे, मझदा आरएक्स-८, सुबारू बीआरझेड आणि तिची जुळी टोयोटा ८६. यांचं निम्मं किंवा त्याहून अधिक वजन पुढे आणि ढकलणारी चाकं मागे. सिग्नलला चढावर थांबल्यावर चाकं जागच्या जागी फिरतात, वळणात जास्त गॅस दिला की मागची बाजू बाहेर झेपावते. डिकीत वाळूच्या पिशव्या टाकायची जुनी रीत यासाठीच, मात्र त्या मागच्या धुरीच्या जवळ आणि बांधून ठेवाव्या लागतात. सरावलेल्या माणसाला ही गाडी बर्फात आनंद देते. पहिला हिवाळा पाहणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

तिसरं घराणं चारही चाकांचं. १९९० च्या दशकातली मित्सुबिशी इक्लिप्स जीएसएक्स, सुबारू एसव्हीएक्स, ऑडी टीटी क्वात्रो, पुढे बीएमडब्ल्यू ३३५ एक्सआय कूपे, इन्फिनिटी जी३७ एक्स, आणि २०१७ ची डॉज चॅलेंजर जीटी. कागदावर हाच सर्वोत्तम पर्याय वाटतो. प्रत्यक्षात वयाचा प्रश्न येतो. इक्लिप्स जीएसएक्स आणि एसव्हीएक्सचे भाग मिळणं जिकिरीचं झालं आहे. जुन्या टर्बो गाड्या मालकामालकांनी ताकद वाढवण्याच्या नादात छेडलेल्या असतात. पहिल्या पिढीच्या टीटीला तर वेगात अस्थिर होण्याच्या तक्रारींनंतर मागे स्पॉइलर आणि स्थिरता-नियंत्रण बसवून द्यावं लागलं होतं, त्यामुळे सुरुवातीची गाडी असेल तर ते काम झालंय का हे पाहणं आलं.

हे स्थिरता-नियंत्रण हिवाळी खरेदीत निर्णायक मानावं. गाडी फिरायला लागली की संगणक एखाद्याच चाकाचा ब्रेक लावून तिला सरळ आणतो. बॉशची ही यंत्रणा १९९५ मध्ये सर्वप्रथम आली तीही एका कूपेतच, मर्सिडीजच्या एस ६०० मध्ये. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून ती सक्तीची आहे. एकट्या गाडीला होणारे जीवघेणे अपघात तिच्यामुळे जवळपास निम्म्यावर येतात, असं तिथल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या अभ्यासात दिसलं. म्हणून दोन सारख्या गाड्यांत दोन वर्षांचा फरक असेल आणि २०१२ ची रेषा मधे येत असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन अलीकडची घ्यावी.

‘कूपे बर्फासाठी नसतेच’ असं ठासून सांगणाऱ्यांना रॅलीचा इतिहास उत्तर देतो. स्वीडनच्या ब्यॉर्न वाल्डेगोर्डने १९६८ ते १९७० अशी सलग तीन वर्षं बर्फावरची स्वीडिश रॅली जिंकली, आणि १९६९ व १९७० मध्ये जानेवारीतली माँटे कार्लो रॅलीही. गाडी होती मागच्या चाकांनी ढकलली जाणारी पोर्शे ९११. तिचं इंजिनच मागच्या धुरीच्या पलीकडे असल्याने भार ढकलणाऱ्या चाकांवर पडत होता. १९८१ मध्ये हान्नू मिक्कोलाने चारही चाकांची ऑडी क्वात्रो ही कूपे घेऊन स्वीडिश रॅली जिंकली आणि रॅलीचं गणितच बदललं. पण त्या गाड्यांना खिळ्यांचे टायर होते, रस्ता मोकळा होता आणि सुकाणू जगातल्या निवडक हातांत होतं. सकाळी आठच्या गर्दीत तसं काहीच नसतं. या इतिहासातून खरेदीदाराने एवढंच घ्यायचं की आकार आडवा येत नाही, भार आणि टायर आडवे येतात.

काच, दार आणि पोट

आकार आडवा येतो तो वेगळ्या ठिकाणी.

अनेक कूपेंच्या दाराला काचेभोवती चौकट नसते. मस्टँग, जी३५, बीआरझेड, टीटी, सगळ्या तशाच. हँडल ओढताच काच सुमारे सेंटिमीटरभर खाली सरकते, मग दार उघडतं, आणि लावल्यावर काच वर जाऊन रबरात बसते. रात्री गोठलेला पाऊस पडला की काच रबरात चिकटते. सकाळी हँडल ओढलं की मोटर कण्हते, काच हलत नाही, आणि घाईत दार खेचणाऱ्याच्या हाती फाटलेलं रबर किंवा तुटलेली काचेची यंत्रणा येते. यावर उपाय साधा आहे: हिवाळ्याआधी रबराला सिलिकॉनचं वंगण लावणं, आणि अडलंच तर दार न खेचता काचेच्या कडेला तळव्याने हळूहळू दाबत बर्फ मोडणं. गाडी पाहायला जाताना दोन्ही काचा चार-पाच वेळा वरखाली करून पाहाव्यात. उन्हाळ्यात आळसावलेली मोटर जानेवारीत दगा देते.

दुसरा अडथळा उंचीचा. बीआरझेडसारख्या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम साडेबारा सेंटिमीटरवर असतं. सरोवरांवरून येणारे ढग बफेलो-सिरॅक्यूजच्या पट्ट्यात एका रात्रीत त्याच्या कितीतरी पट बर्फ टाकतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये एका वादळात सुमारे दोन मीटर बर्फ पडला. असा दिवस विरळा आणि त्या दिवशी कोणतीच गाडी निघत नाही, पण २० सेंटिमीटरचा दिवस नेहमीचा आहे. पोट बर्फावर टेकलं की चाकांवरचा भार उचलला जातो आणि उत्तमोत्तम टायरही हवेत फिरल्यासारखे फिरतात. नगरपालिकेचा नांगर घरासमोरून गेल्यावर फाटकाशी जो बर्फाचा बांध टाकून जातो, त्यावर बसकी कूपे हमखास अडकते. आधीच्या मालकाने स्प्रिंग कापून गाडी आणखी खाली आणली असेल तर ती हिवाळ्यासाठी घेऊच नये. जिथे रस्ते सकाळी सहापर्यंत साफ होतात त्या शहरात ही उणीव चालून जाते. गावाबाहेर, कच्च्या रस्त्यावर राहणाऱ्याला चालत नाही.

थंडीची बाकीची पथ्यं सगळ्या गाड्यांना सारखी. उणे १८ अंशांना शिशाच्या बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते, म्हणून चार-पाच वर्षांची बॅटरी असेल तर ती बदलण्याचा खर्च किमतीतून वळता करावा. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं आहे का, पाहावं. विनिपेग-सॅस्कटूनकडे जाणाऱ्याने इंजिन तापवायचा हीटर बसवलेला आहे का, हेही विचारावं. तिथे गाडीतळांवर त्यासाठी विजेचे खांबच असतात.

पैशांचा हिशेब

समजा, कूपे ४५०० डॉलरला ठरली. तपासणीचे १५०, हिवाळी टायर आणि रिमचे ८००, बॅटरीचे २००, तेलाच्या फवाऱ्याचे १५०. गाडी रस्त्यावर येईपर्यंत आकडा ५८०० वर जातो आणि विमा अजून धरलेलाच नाही. पंचविशीच्या आतल्या चालकाला स्पोर्टी कूपेचा विमा सेदानपेक्षा बराच महाग पडू शकतो, म्हणून बयाणा देण्याआधी त्या नेमक्या मॉडेलचं विमा कोटेशन मागवावं. कित्येक सौदे इथेच मोडतात, आणि बयाण्याआधी मोडलेले बरे.

उत्पादन थांबलेल्या कूपेचा आणखी एक खर्च असतो. बर्फावर घसरून चाक फुटपाथच्या कडेला आपटलं तर सस्पेन्शनचा हात वाकतो. सिव्हिक, टीसी किंवा मस्टँगचा तो भाग कोणत्याही दुकानात मिळतो. दुर्मिळ मॉडेलचा शोधत बसावं लागतं आणि तोवर गाडी उभी.

कुणी घ्यावी, कुणी थांबावं

निर्णयाला शेवटचा कस लावायचा तो असा: ही घरातली दुसरी गाडी आहे की एकमेव? दुसरी असेल, मोठ्या बर्फाच्या दिवशी घरात दुसरी सोय असेल, तर सुस्थितीतली कूपे हिवाळाभर मजेत वापरता येते. एकमेव असेल, आणि तिच्यावरच नोकरी, रुग्णालय, मुलाची शाळा अवलंबून असेल, तर चार दारं, जास्त उंची आणि मागे मुलाची सीट बसवायला जागा असलेली गाडी घ्यावी. पहिला हिवाळा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला कूपेच हवी असेल तर २०१२ नंतरची सायन टीसी किंवा सिव्हिक कूपे, मूळ उंचीची, पोलादी रिमवरच्या हिवाळी टायरांसह, ही समजूतदार निवड आहे. पहिला बर्फ पडला की रविवारी पहाटे एखाद्या रिकाम्या, परवानगी असलेल्या पार्किंगमध्ये जाऊन ब्रेक पूर्ण दाबून पाहावा. पायाखाली एबीएसची थरथर एकदा ओळखीची झाली की भररस्त्यात ती जाणवल्यावर कुणी घाबरून पाय उचलत नाही.

काही गाड्या मात्र चांगल्या आहेत म्हणूनच हिवाळ्यासाठी घेऊ नयेत. अमेरिकेत १९९७ ते २००१ दरम्यान थोड्याच संख्येने विकली गेलेली इंटेग्रा टाइप आर आज लिलावांत नव्या किमतीच्या दुपटीहून जास्त आणते. याचं एक कारण हेच की तिच्या कित्येक बहिणी मिठाने आणि अपघातांनी संपवल्या. जॉर्जिया किंवा ॲरिझोनाहून आलेली, तळ अजून फॅक्टरीच्या रंगात असलेली जुनी सेलिका किंवा होंडा प्रेल्यूड स्वस्तात हाती लागली, तर तिला डिसेंबरात रस्त्यावर काढणं तिच्यावर अन्याय आहे. अशा गाड्या पुन्हा बनणार नाहीत आणि मिठाच्या दोन हंगामांत झालेलं नुकसान भरून निघत नाही. ती घ्यायची ऐपत असेल तर घ्यावी, एप्रिलपर्यंत झाकून ठेवावी, आणि बर्फासाठी आधीच थोडा गंज लागलेली, पण ब्रेक-सबफ्रेम शाबूत असलेली दुसरी कूपे शोधावी. तिच्या तळाला दर पंधरा दिवसांनी पाण्याचा झोत मारावा आणि वसंतात मीठ थांबलं की सर्वांत मोठी धुलाई करावी. ऊन वाढल्यावर सांध्यांत राहिलेलं मीठ सर्वाधिक जोराने काम करतं.